सहीसाठी आलेला कागद

खालापूर, ७ नोव्हेंबर १९४४

चि. सौ. सुचेता हिस,

तू पुण्याला भावाकडे गेलीस त्याला दोन महिने झाले. तुझं पत्र नाही. इथे सर्व ठीक आहे. मोरूची कर्जतच्या शाळेतली मास्तरकी चालू आहे, शनिवारी येतो आणि रविवारी दुपारी परत जातो. तुझ्या मामंजींचा खोकला कमी आहे. कचेरीत जातात.

शेजारपाजारच्या बायका तुझी चौकशी करतात. मी त्यांना सांगते, ती हवापालटाला गेली आहे. तूही तिकडे कुणाला जास्त काही बोलू नये. असल्या गोष्टी घरच्या घरात राहिलेल्या बऱ्या. बायकांच्या जातीला काही ना काही असतंच. तुरटीच्या पाण्याने धुवावं, जड उचलू नये आणि देवाचं नाव घ्यावं. डॉक्टरांच्या कापाकापीच्या भरीस पडू नकोस. एकदा सुरी लागलेलं अंग पूर्वीसारखं होत नाही.

तुझ्या दादांनी मोरूच्या नावे काही पाठवलं असल्यास ते इथे आलेलं नाही. लढाईमुळे हल्ली टपालाचा भरवसा नाही. यापुढे काही कळवायचं झाल्यास मलाच कळव. त्याच्यामागे शाळेच्या परीक्षा आहेत, त्याला त्रास नको.

तुझी सासू,
द्वारका

२४ नोव्हेंबर १९४४

सुचेता,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. दादांचं पत्र आलेलं आहे. २८ ऑक्टोबरला आलं. मोरूच्या नावचं होतं, मी फोडलं, वाचलं आणि माझ्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली ठेवून दिलं. सोबत नवऱ्याने सही करायचा कागद होता, तोही तिथेच आहे.

हे आज का लिहिते आहे ते सांगते. परवा सकाळी विहिरीवरून हंडा आणताना माझ्या कमरेत कळ आली आणि मी पायरीवरच बसले. लुगड्याला रक्त लागलं होतं. जयवंता कपडे धूत होती. तिने हातातला पिळा टाकला आणि मला धरून गोठ्यात नेलं. दार लोटून घेतलं.

म्हणाली, "काकू, कदीपासनं हाय?"

मी म्हटलं, "काय?"

"जे हाय ते. धा वर्सं तुमची लुगडी धुते मी. मला काय डोळं नायत?"

मी लुगड्याचा डाग मुठीत धरून झाकला. तेव्हा ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि सांगू लागली. "माजंबी हाय. हिरूच्या टायमाला झालं. लावनीला वाकलं की बाहेर येतं. मंग बांधाआड जायचं, आत सारायचं, चिंधीचा बोळा लावायचा, परत वाकायचं. आमच्या वाडीत चार जनी हाईत तशा. पन आमी येकमेकींला सांगतो तरी. तुमी कुनाला सांगता?"

मग जे म्हणाली ते ऐकून मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "धाकल्या वैनींनी मला इचारलं व्हतं, जयवंता, हे मरनाचं दुखनं हाय का गं? मी म्हनलं, सासूला इचारा. त्या म्हनल्या, इचारलं. सासूबाई म्हनल्या, गप ऱ्हा."

तू मला विचारलंस तो दिवस मला आठवतो. मी तांदूळ निवडत होते. तू दाराशी उभी राहिलीस. अर्धं वाक्य बोललीस आणि रडू लागलीस. मी सुपातून मान वर केली नाही. एकोणीस वर्षांची पोर, घरात सासू असून तिला कपडे धुणाऱ्या बाईला विचारावं लागलं.

दादांचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. पाठ झालं आहे. तिकडच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तीन वाटा सांगितल्या आहेत. रबराचं कडं बसवून खाली आलेलं गर्भाशय वर धरून ठेवायचं. पण कडं हा टेकू आहे, इलाज नव्हे, आणि तुला त्याने आत जखम होऊ लागली आहे. दुसरी वाट म्हणजे पिशवी काढूनच टाकायची. दुखणं संपलं आणि मूलही संपलं. तिसरी, खाली उतरलेलं पिशवीचं तोंड तेवढं कापायचं, तिला धरून ठेवणारे आतले बंध सैल झालेत ते पुढे घेऊन शिवायचे आणि खालची बाजू आवळून घ्यायची. पिशवी जागेवर राहते. मूल होऊ शकतं, टिकेलच असं नाही, आणि टिकलं तर बाळंतपण इस्पितळात पोट उघडून करावं लागेल. डॉक्टरीणबाईंचं मत तिसऱ्या वाटेकडे आहे. त्यांच्यावरचे मोठे डॉक्टर म्हणतात, नवरा फिरकत नाही तर ही जोखीम कुणासाठी घ्यायची. नवऱ्याची सही पंधरा डिसेंबरपर्यंत आली नाही तर दादा दुसऱ्या वाटेला रुकार देणार आहेत.

सही आली नाही ती माझ्या ट्रंकेमुळे.

३ डिसेंबर १९४४

सुचेता,

आणखी सांगायचं आहे. एकदा लिहायला बसले आहे तर सगळंच लिहिते.

मला हे दुखणं मोरूच्या जन्मापासून आहे. बावीस वर्षं झाली. दहाव्या दिवशी मला जात्यावर बसवलं होतं. तेव्हा माझ्या सासूबाई होत्या. एका दुपारी काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि हाताला लागलं. मला वाटलं आतडं बाहेर आलं, आता मी मरणार. मेले नाही. मग सवय झाली. उठताना कसं उठायचं, शिंक आली तर पाय कसे जुळवायचे, हळदीकुंकवाला कुठे बसायचं म्हणजे चटकन उठता येईल, सगळं शिकले. तुझ्या मामंजींना सांगितलं नाही. ते जवळ आले की मी काही कारण काढी. व्रत आहे, अंगात कणकण आहे. दोन वर्षांनी त्यांनी अंथरूण ओटीवर नेलं. लोक म्हणाले, एका मुलावर समाधान मानणारा विरक्त माणूस. मी मान डोलावली.

हे मी निमूट सोसलं याचा मला अभिमान होता, सुचेता. दुसरं काही नव्हतं माझ्याकडे. आणि तू वर्षभरात बोललीस. मला राग आला. मी बावीस वर्षं बोलले नाही आणि ही कालची मुलगी बोलते. तुझं दुखणं खरं मानलं असतं तर माझंही मानावं लागलं असतं.

तुझ्या बाळंतपणाचं लिहायचं राहिलं आहे. सुईण चंद्राबाई पहिल्या रात्रीच म्हणाली होती, "वाट मोकळी झाली नाय, आत्ताच जोर करवू नका, कर्जतच्या डॉक्टरला आना." मी म्हटलं, पुरुष डॉक्टर माझ्या घरात बाळंतिणीच्या खोलीत येणार नाही. दुसऱ्या दिवशी पोटावर दाब द्यायला मी सांगितलं. ती तयार नव्हती म्हणून मी स्वतः दिला. तू माझं मनगट धरलं होतंस, सोडा म्हणत होतीस. मूल निळं पडून आलं. तुला सांगितलं की ते पोटातच गेलेलं होतं. ते खोटं आहे. एकदा त्याने तोंड उघडलं होतं. मुलगा होता हेही तुला सांगितलं नव्हतं.

बाराव्या दिवशी तुला विहिरीवर मीच पाठवलं. सुतक फिटलं, मूल नाही, मग पडून कशाला राहायचं, असं म्हटलं होतं.

आणि तू पुण्याला गेल्यावर चौक गावच्या एका ओव्हरसियरच्या मुलीची पत्रिका मी मोरूच्या दुसऱ्या लग्नासाठी मागवली. त्यांना सांगितलं की सूनबाई नांदायला येत नाही. मोरूलाही तेच सांगितलं. तो म्हणाला, "तिने मला एक ओळ तरी लिहायची होती." मी म्हटलं, नाही लिहिली खरी.

काल शनिवारी तो आला होता. तीनदा मी तोंड उघडलं. पहिल्यांदा त्याने आमटी वाढ म्हटलं, दुसऱ्यांदा तुझे मामंजी आत आले. तिसऱ्यांदा कुणीही नव्हतं आणि काहीही आड येत नव्हतं. तरी मी सांगितलं नाही. आज दुपारी तो गेला.

१० डिसेंबर १९४४

सुचेता,

आधीची दोन पत्रं मी टपालात टाकलीच नव्हती. लिहून मन हलकं करत होते आणि ती ट्रंकेत सारत होते, म्हणजे तुझ्याशी बोलल्याचं समाधान माझं आणि तुला त्याचा पत्ता नाही. आता ती दोन्ही आणि हे तिसरं मोरूबरोबर पाठवते आहे. तो गाडी जुंपायची वाट बघत बाहेर उभा आहे. खोपोलीहून कर्जत आणि तिथून पुण्याची गाडी. आज पोचेल.

काल तो आल्या आल्या मी ट्रंक उघडली आणि कागद त्याच्या हातात दिला. काही बोलले असते तर पुन्हा पाय मागे घेतला असता. त्याने उभ्यानेच वाचलं. वरची तारीख पाहिली. पाकिटावरचा टपालाचा शिक्का पाहिला.

"हे सहा आठवडे इथे होतं?"

"हो."

"आई, मी तिला मनातल्या मनात काय काय बोललो आहे, तुला ठाऊक आहे?"

मी म्हटलं, मला बोल. त्याने खुंटीवरचा कोट घेऊन पुन्हा टांगला, पुन्हा घेतला. मग खाली बसला. म्हणाला, "मी तिला विचारलं नाही. ती भिंतीला धरून चालायची ते मला दिसत होतं. मला वाटलं बायकांचं काही असेल, आई बघेल."

तेव्हा मी त्याला माझं सांगितलं. पोटच्या मुलाला सांगायची ही गोष्ट नव्हे. तो जमिनीकडे बघत ऐकत होता आणि मी भिंतीकडे बघत सांगत होते. मधे ओटीवरचा झोपाळा थांबला तेव्हा कळलं की तुझे मामंजीही ऐकत आहेत.

मोरू बाहेर गेल्यावर ते आत आले. माझ्याजवळ येऊन उभे राहायची त्यांना सवय राहिलेली नाही, दाराशीच उभे राहिले. म्हणाले, "मला बावीस वर्षं वाटत होतं, तुला माझा तिटकारा आला आहे."

मी म्हटलं, "सांगायची लाज वाटली."

"मलाही विचारायची," ते म्हणाले.

सुचेता, मोरूला जाताना काय सही करायची ते मी सांगितलेलं नाही. त्याने विचारलं होतं. मी म्हटलं, ज्या अंगाचं आहे तिला विचार. चौकची पत्रिका परत पाठवली आहे आणि खरं कारणही लिहिलं आहे. त्यांनी आम्हाला नावं ठेवली तर ठेवू देत.

गाडी आली.

६ फेब्रुवारी १९४५

सुचेता,

मोरूच्या पत्रावरून ४ जानेवारीचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं होतं. कालच्या पत्रात त्याने बाकीचं लिहिलं. कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर केला होता आणि तू जागी होतीस, पडद्यापलीकडे डॉक्टरीणबाई टाके मोजत होत्या ते तुला ऐकू येत होतं, हे मी पुन्हा दोनदा वाचलं.

ऑपरेशनाआधी मोठे डॉक्टर म्हणाले, सासरच्यांना मूल हवं म्हणून ही पोर जोखीम घेते आहे. आणि तू म्हणालीस, "सासरच्यांसाठी नाही. त्यांनी मागितलं तरी मी त्यांच्यासाठी देणार नाही. माझं आहे ते मला ठेवायचं आहे." मोरूने हे जसंच्या तसं लिहिलं आहे. मला ते कळावं असं तूच त्याला सांगितलंस, असंही लिहिलं आहे. कळलं.

तू खालापूरला परत येणार नाहीस, तेही कळलं. मोरूने पुण्याच्या शाळेत अर्ज केला आहे. तुझे मामंजी म्हणाले, ठीक आहे. मी काय म्हणावं असा प्रश्नच नाही. तीन महिने पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे, तर मोरूला पाणी भरायला लाव. त्याला येतं. लहानपणी तोच भरत असे.

माझ्या तिन्ही पत्रांवर तू काही लिहिलेलं नाहीस. मोरू म्हणतो, वाचलीस आणि घडी करून परत त्याच्या हातात दिलीस. फक्त विचारलंस, "त्याला कुठे पुरलं?" मोरूला माहीत नव्हतं. मला माहीत आहे. पाताळगंगेच्या अलीकडे, कोंडाजीच्या शेताच्या बांधाला, करंजाच्या झाडाखाली. तिथे दगड ठेवलेला नाही. ठेवायचा का ते तू सांग. तोवर मी काही करणार नाही.

द्वारका

खालापूर, २१ डिसेंबर १९४७

सुचेता,

मी काल पुण्याहून सुखरूप पोचले. स्टेशनवर मोरूने विचारलं, आई, तिला काही निरोप? मी नाही म्हटलं. निरोप तोंडी सांगण्यासारखा नव्हता.

गेल्या वर्षी चौथ्या महिन्यात तुझा गर्भ पडला तेव्हा मी पुण्याला आले नाही. यावंसं वाटत होतं, पण तुझ्या खाटेशेजारी बसायला मला कोणत्या तोंडाने जमलं असतं? यंदा एप्रिलमध्ये पोट उघडून मुलगी झाली, दोघी सुखरूप, अशी तार आली. तुझे मामंजी तार घेऊन गोठ्यात मला शोधत आले आणि मोठ्याने वाचून दाखवली. तेव्हाही मी आले नाही. तू बोलावलं नव्हतंस.

आणि ऑक्टोबरात तुझं ते चार ओळींचं कार्ड आलं. "डॉक्टरीणबाईंना तुमच्याबद्दल सांगितलं आहे. तुमच्या वयाला काढून टाकलेलं बरं असं त्या म्हणतात. जयवंताला आणता आलं तर आणा, तिचं वय कमी आहे, तिला माझ्यासारखं करता येईल. एक डिसेंबरला खाट मिळेल." खाली फक्त नाव.

जयवंता यायला तयार होती, पण तिच्या नवऱ्याने कापणी सोडून जाऊ दिलं नाही. मी त्याला सांगायला वाडीवर गेले. चार बायांसमोर उभी राहून सांगितलं की मला हेच दुखणं आहे आणि मी पुण्याला जाते आहे. तो मान खाली घालून म्हणाला, "शिमग्यानंतर बगू." जयवंता माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, तो नाय म्हनला तरी मी जानार हाय. तुमी पुढं व्हा, वाट बगून या." शिमग्यानंतर मी तिला घेऊन येईन. तिच्यासाठी खाटेचं आधी सांगून ठेव.

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

तपासणीच्या टेबलावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती वर्षांपासून?" शिकाऊ मुली उभ्या होत्या. मी म्हटलं, पंचवीस. त्यातल्या एकीच्या तोंडून "अगंबाई" निघालं. मी डोळे मिटून घेतले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं का थांबलात?" उत्तर तू दिलंस, माझ्या उशाशी उभी राहून. "त्यांना कुणी विचारलं नाही." एवढंच. मी तुला विचारलं नव्हतं ते तू त्या वेळी बोलली असतीस तरी चाललं असतं. चार बायांत तू माझं झाकलंस. मी तुझं कधी झाकलं नव्हतं. मी ते दडवलं होतं.

ऑपरेशननंतर आठ दिवस तू रोज आलीस. मुलीला वहिनीकडे ठेवून येत होतीस. भांडं दिलंस, पुसलंस, लुगडं बदललंस. तोंड वाकडं केलं नाहीस आणि गोडही बोलली नाहीस. नर्सने विचारलं, "आई का तुमच्या?" तू म्हणालीस, "सासू." मला ते बरं वाटलं. आई म्हणाली असतीस तर मला सहन झालं नसतं.

सातव्या दिवशी तू माझ्या पायांखाली उशी सरकवत होतीस. माझं मनगट धरलं होतंस त्या तुझ्या हाताकडे माझं लक्ष गेलं आणि माझा धीर सुटला. मी उठून बसायला लागले. तुझे पाय धरायचे होते. मी म्हटलं, "सुचेता, तो मुलगा... माझ्या हातांनी..."

तू माझे खांदे धरून मला मागे लोटलंस. जोरानेच. तुझे डोळे भरले होते, आवाज मात्र साफ होता.

"मी विसरले नाही. विसरणारही नाही. आता पाय हलवू नका, टाके आहेत."

मी पाय हलवले नाहीत. तू खाटेच्या कडेला बसलीस आणि भेटीची वेळ संपल्याची पाचची घंटा होईपर्यंत तिथेच बसून राहिलीस.